तिथी, भरती आणि सुके बोंबील: बडोद्याहून द्वारकेपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने

आमच्या दांडिया बाजारातल्या घरात, जिन्याजवळच्या भिंतीवर, बडोदे संस्थानाचा एक जुना नकाशा टांगलेला आहे. कडी, बडोदे, नवसारी आणि अमरेली असे त्याचे तुकडे एकमेकांपासून इतके दूर पसरलेले आहेत की पाहुण्यांना तो नकाशा फाटलेला वाटतो, आणि त्यातही सर्वांत पश्चिमेला, अगदी समुद्रात बोट घातल्यासारखा, ओखामंडळाचा ठिपका आहे. माझे सासरे, ज्यांना आम्ही सारे अण्णा म्हणतो, मूळचे मुरूड-जंजिऱ्याचे. नोकरीसाठी बडोद्यास आले आणि येथलेच झाले. ‘बडोद्यात सगळे आहे, फक्त समुद्र नाही’ ही त्यांची पन्नास वर्षांची तक्रार. मार्गशीर्ष अमावास्येच्या सुमारास माझ्या यजमानांना आणि लेकीला एकाच वेळी सुट्टी मिळाली, तेव्हा त्या तक्रारीवर एकदाचा तोडगा काढायचा असे ठरले: भावनगरला समुद्र गाठायचा आणि त्याला डाव्या हाताला ठेवून द्वारकेपर्यंत जायचे. गाडी मी चालवणार, यजमान रस्ता पाहणार, लेक गाणी लावणार आणि अण्णा भरती-ओहोटी सांगणार, अशी कामांची वाटणी झाली. चौघांपैकी आधी चुकले ते अण्णा, पण ते पुढे येईलच.

पहिला दिवस: बडोदे ते भावनगर आणि कोळियाक

सकाळी सहाला डब्यात मेथीचे ठेपले, पिशवीत लिलो चिवडा आणि थर्मासमध्ये चहा घेऊन निघालो. वासद, तारापूर, वटामण चोकडी, पिपळी, धोलेरा हा सुमारे दोनशे किलोमीटरचा रस्ता सपाट आणि सरळ आहे. पिपळीच्या पुढे भाल प्रदेश लागतो, जेथे खाऱ्या जमिनीत, पावसाच्या मुरलेल्या ओलीवर, पाणी न देता भालिया गहू पिकवतात. डिसेंबरात ती शेते नुकती हिरवी झालेली असतात आणि त्यांच्या कडेने नीलगायी अशा उभ्या असतात की जणू राखणीला ठेवल्या आहेत. येथे पहाटे दाट धुके पडते, म्हणून हिवाळ्यात जाणाऱ्यांनी सात-साडेसातच्या आधी धोलेऱ्याच्या पट्ट्यात शिरू नये. आम्हाला पाऊण तास वीसच्या वेगाने चालावे लागले.

भावनगरला जेवून आम्ही पंचवीसेक किलोमीटरवरच्या कोळियाकला निघालो. तेथे निष्कलंक महादेव आहे. किनाऱ्यापासून किलोमीटरहून अधिक आत, समुद्राच्या तळावर एका चौथऱ्यावर पाच शिवलिंगे आहेत, आणि ओहोटी लागल्यावरच तेथवर चालत जाता येते. महायुद्धानंतर पांडवांचे पाप येथे धुतले गेले, काळी ध्वजा येथे पांढरी झाली, अशी कथा आहे. ओहोटीची वेळ काढण्याचे काम अर्थातच अण्णांकडे होते. कोकणात पोरासोरांनाही ठाऊक असलेली पाऊणकीची रीत त्यांनी गाडीत लेकीला समजावून सांगितली: तिथीला तीनने गुणावे, चाराने भागावे, की पूर्ण भरतीची वेळ मिळते, तीत सहा तास मिळवले की पूर्ण ओहोटी. त्या दिवशी चतुर्दशी होती. चौदा त्रिक बेचाळीस, भागिले चार, म्हणजे साडेदहा. त्यापुढे सहा तास, म्हणजे साडेचार. आम्ही बरोबर साडेचारला पोचलो, आणि समोर महादेव नव्हता, मंदिराकडे जाणारी वाटही नव्हती. पायांशी येऊन आदळणारे मातकट पाणी होते आणि दूर पाण्यातून वर आलेला, ध्वजा फडकवणारा एक खांब होता.

अण्णांनी घड्याळ पाहिले, मग समुद्र पाहिला, मग पुन्हा घड्याळ पाहिले. नारळ-फुलांच्या दुकानात बसलेल्या वयस्क माणसाने हे सारे पाहिले असावे. त्याने अण्णांना खुर्ची दिली, हिशेब विचारला, तो नीट ऐकून घेतला आणि अत्यंत अदबीने म्हणाला, ‘बापा, गणतरी साची छे, पण आ मुंबईनो दरियो नथी.’ खंभातच्या आखाताचे तोंड रुंद आणि पोट अरुंद. भरतीचे पाणी खुल्या समुद्रातून आत चढत येथवर यायला मुंबईच्या मानाने चारेक तास अधिक घेते, आणि अरुंद जागेत कोंडल्यामुळे इतके उंच चढते की अमावास्या-पौर्णिमेला भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरांच्या घरात जातो. म्हणजे आम्ही ओहोटीच्या नव्हे, नुकत्याच उतरू लागलेल्या भरतीच्या वेळी आलो होतो. ‘सकाळी साडेआठला या, पाणी तुम्हाला वाट करून देईल,’ असे त्याने सांगितले. परतीच्या वाटेवर अण्णा एक अक्षर बोलले नाहीत. भावनगरी गाठिये, तळलेल्या मिरच्या आणि पपईचा संभारा समोर आल्यावरच त्यांचा आवाज फुटला.

दुसरा दिवस: कोळियाक, अलंगचा रस्ता, जाफराबाद, दीव

सकाळी साडेआठला तेच ठिकाण ओळखू येईना. काल जेथे लाटा होत्या तेथे चकचकीत राखाडी चिखलाचे मैदान पसरले होते आणि मागे हटणाऱ्या पाण्याच्या कडेकडेने माणसे त्याच्या पाठीवर चालत होती. आम्हीही वहाणा काढून हातात घेतल्या. चिखल वरून गुळगुळीत आणि आतून थंड असतो, टाच रोवून पाऊल टाकले तरच निभावते. वाटेत बोटभर लांबीचे, डोक्यावर फुगीर डोळे असलेले मासे चिखलावरून टुणटुण उड्या मारत होते. अण्णा थबकले आणि म्हणाले, ‘अगं, या तर निवट्या!’ मुरूडच्या खाडीनंतर निवट्या त्यांनी पहिल्यांदाच पाहिल्या असाव्यात, कारण महादेवापेक्षा त्यांच्यापाशीच ते अधिक वेळ उभे होते.

चौथऱ्यावर पोचलो तेव्हा पाचही शिवलिंगांवर पाण्याचा पातळ थर होता आणि समोरच्या नंदींच्या पाठीवर शेवाळाची रेघ होती. येथे दिवा टिकत नाही, फुले टिकत नाहीत. पुजाऱ्याने वाहिलेले सगळे दिवसातून दोनदा समुद्र घेऊन जातो. श्रावण अमावास्येला, जिला तिकडे भादरवी अमास म्हणतात, येथे मोठी यात्रा भरते आणि नवी ध्वजा चढवली जाते. जाणाऱ्यांसाठी एवढेच सांगते: वेळ दिनदर्शिकेवरून काढू नये, भावनगरची भरती-ओहोटी आदल्या दिवशी स्थानिकांना विचारावी, घसरणारी चप्पल घालू नये, आणि परतायला सांगितले की फोटो अर्धवट टाकून निघावे, कारण या सपाट तळावर पाणी माणसाच्या चालीने येते.

हीच प्रचंड भरती पुढच्या अलंग गावाचे पोट भरते. १९८३ पासून येथे जगभरची म्हातारी जहाजे तोडली जातात. उधाणाच्या दिवशी जहाज पूर्ण वेगाने किनाऱ्यावर चढवायचे, पाणी उतरले की ते चिखलात बसते आणि मग त्याला कापायला सुरुवात होते. गोदी बांधावी लागत नाही. तोडणीच्या जागी परवानगीशिवाय जाता येत नाही, आणि आम्हाला जायचेही नव्हते. मात्र त्रापजकडून अलंगला जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जहाजांतून निघालेल्या सामानाची दुकाने आहेत, ज्यांना तेथे खाडा म्हणतात. एका खाड्यात फक्त दरवाजे; दुसऱ्यात फक्त गाद्या; तिसऱ्यात नारिंगी जीवरक्षक जाकिटांचा डोंगर; चौथ्यात व्यायामाची यंत्रे, पियानो आणि कुठल्याशा परक्या लिपीत ‘धूम्रपान निषिद्ध’ असा अर्थ असावा अशा पाट्या. मी जाड पांढऱ्या चिनीमातीच्या सहा बशा घेतल्या. त्यांच्या तळाची कडा नेहमीपेक्षा रुंद आहे, आणि दुकानदाराने ताट कलते करून दाखवले की जहाज हलले तरी बशी घसरू नये म्हणून ती तशी असते. घासाघीस येथे करावीच. पहिला भाव दुकानदारही गांभीर्याने घेत नाही.

या दोन थांब्यांत दुपार झाली, त्यामुळे गोपनाथचा किनारा आणि तळाजाच्या टेकडीवरची बौद्ध लेणी सोडून द्यावी लागली, याची खंत आहे. महुव्याला कांद्याच्या बाजारामुळे रस्ता तुंबला होता. पांढऱ्या कांद्याच्या गोण्यांनी भरलेले ट्रक, आणि त्यांच्यामागे चाळीस मिनिटे आम्ही.

राजुल्यानंतर महामार्ग सोडून जाफराबादला वळण्याचा हट्ट अण्णांचा. कारण ऐकून आम्ही तिघेही चकित झालो. जाफराबाद हे जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबाच्या ताब्यातले ठाणे होते. मुरूडपासून समुद्रमार्गे इतक्या दूर असूनही ते जंजिरा संस्थानाचाच भाग मानले जाई, आणि १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत तसेच राहिले. अण्णांचा जन्म त्याआधीचा. ‘म्हणजे मी जन्मलो तेव्हा हे गाव माझ्याच राज्यात होते,’ असे म्हणून ते गाडीतून उतरले. त्यांच्या राज्यात शिरताना प्रथम भेटला तो वास. खाडीच्या काठाने नजर जाईल तेथवर बांबूंच्या आडव्या काठ्या आणि त्यांवर वाळत घातलेले बोंबील. दोन बोंबील घ्यायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी काठीवर टाकायची. दोरी नाही, गाठ नाही. खारवा या दर्यावर्दी समाजातली एक बाई हे काम बोलता बोलता इतक्या वेगाने करत होती की तिच्या हातांकडे पाहिले तर जबडा अडकताना दिसत नसे, फक्त जोडी लटकलेली दिसे. ‘आमच्याकडेही अगदी असेच करतात,’ असे अण्णांनी गुजरातीत सांगितले. तिने ‘तुमच्याकडे म्हणजे कुठे?’ असे विचारल्यावर अण्णा म्हणाले, ‘जंजिरा.’ तिला ते नाव ठाऊक नव्हते. तिने अण्णांना ‘दादा’ म्हणत दोन किलो बोंबील मात्र चोख वजनाने दिले, आणि वर मूठभर जवळा. तीन पिशव्यांत गुंडाळून ते डिकीत ठेवले. त्याचे परिणाम आम्ही पुढचे पाच दिवस भोगले.

उन्याहून घोघल्याचा पूल ओलांडून दीवला पोचायला साडेआठ झाले.

तिसरा दिवस: दीव

उतरलो होतो त्या ठिकाणी गरम पाणी ‘सकाळी सहा ते आठ’ असे लिहिले होते आणि ते आले सव्वाआठला, एक बादली. त्याविषयी इतकेच.

दीवचा किनारा मला आतापर्यंत पाहिलेल्या सर्व किनाऱ्यांहून वेगळा वाटला. येथे समुद्राने पिवळसर चुनखडीचा दगड कुरतडून त्याला जाळीदार, धारदार केले आहे. हात टेकवला तर खरचटतो. या दगडातूनच सारे गाव उभे आहे. १५३५ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने हुमायूनच्या भीतीपोटी पोर्तुगिजांशी तह केला आणि त्यांना येथे किल्ला बांधू दिला. दोनच वर्षांत त्याच पोर्तुगिजांच्या हातून, याच समुद्रात त्याचा अंत झाला. तटाबाहेरच्या नायडा गुंफा म्हणजे दगड काढून काढून उरलेल्या पोकळ्या आहेत असे सांगतात. आत शिरल्यावर छिन्नीच्या पायऱ्यापायऱ्यांच्या खुणा भिंतींवर स्पष्ट दिसतात, वरच्या भोकांतून ऊन तिरके खाली उतरते आणि वडाची मुळे त्याच्याबरोबर लोंबत येतात. सकाळी अकराच्या सुमारास जावे. तेव्हाच ऊन तळापर्यंत पोचते.

किल्ल्यावर तोफा अजून समुद्राकडे तोंड करून आहेत. खाडीच्या मधोमध पाणीकोटा नावाचा छोटा दगडी कोट जहाजासारखा उभा आहे. पोर्तुगीज येथून गेले ते १९६१ च्या डिसेंबरात, म्हणजे सव्वाचारशे वर्षांनी.

गावाच्या दक्षिण टोकाला खुकरी स्मारक आहे. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवच्या समुद्रात भारतीय नौदलाची खुकरी ही युद्धनौका पाकिस्तानी पाणबुडीच्या माऱ्याने बुडाली; १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्यासह गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांना जहाज सोडणे शक्य असूनही त्यांनी ते सोडले नाही. काचेच्या पेटीत नौकेची प्रतिकृती आहे आणि तिच्या मागे तोच समुद्र. आम्ही गेलो तेव्हा शाळेची सहल आली होती. मुले प्रतिकृतीवरच्या तोफा मोजत होती आणि शिक्षिका त्यांना नावांच्या यादीकडे वळवण्याची पराकाष्ठा करत होत्या.

संध्याकाळी फुदमच्या गंगेश्वराला गेलो. खडकाच्या कपारीत पाच शिवलिंगे, आणि येथे ओहोटीची वाट पाहण्याऐवजी लाटेची पाहायची: लाट येते, पाचही पिंडी पाण्याखाली जातात, लाट जाते, फुले एका पिंडीवरून दुसरीवर गेलेली असतात. लेकीने विचारले, ‘अण्णा, इथे भरती किती वाजता?’ अण्णांनी उत्तर दिले नाही, पण खिशातून कागद काढून काहीतरी टिपले.

दीवमध्ये मद्य मिळते आणि गुजरातेत ते चालत नाही, हे सर्वज्ञात आहे. तरीही पुलावरच्या तपासणीत गाड्या रिकाम्या होताना आम्ही पाहिल्या. जे काही करायचे ते पुलाच्या अलीकडे करून यावे. आमच्या सीकेपी घराला अधिक रस होता तो माशांत. घोघल्याच्या एका घरगुती खानावळीत पापलेट, कोळंबीचे कालवण आणि तांदळाऐवजी बाजरीचा रोटला मिळाला. कालवणात नारळ कमी आणि लसूण अधिक, हे अण्णांनी नोंदवले. दुसरी वाटी मात्र मागितली.

चौथा दिवस: कोडीनार, सोमनाथ

कोडीनार तालुका पूर्वी बडोद्याच्या अमरेली प्रांतात होता, म्हणजे दोन दिवसांपूर्वी अण्णांचे राज्य पाहिल्यावर आता आमचे आले. रस्त्याच्या दुतर्फा ऊस होता आणि ठिकठिकाणी धुराचे खांब. त्यांतल्या एका गुऱ्हाळाशी थांबलो. तिकडे त्याला राबडो म्हणतात. काहिलीत रस फुगून वर येत होता, एक माणूस लांब दांड्याच्या झाऱ्याने मळी काढत होता आणि दुसरा चुलीत चिपाडे सारत होता. आम्ही विकत मागितला गूळ, पण आधी उसाच्या पानावर ओतून दिला तो कोमट, अजून न गोठलेला, तारेसारखा ओढला जाणारा गूळ, आणि पैसे देऊ लागलो तर शेतकरी बापा रागावले: ‘चाखवाना पैसा नो होय, बेन.’ मागच्या आठवड्यात सिंहाची जोडी त्यांच्या उसात दोन रात्री राहून गेली, हे त्यांनी पाहुणे येऊन गेल्याच्या सुरात सांगितले. २०२५ च्या गणनेत आशियाई सिंहांची संख्या ८९१ भरली आणि त्यांतले कितीतरी आता गीरच्या जंगलाबाहेर, थेट किनाऱ्यापर्यंत, वावरतात. म्हणून या पट्ट्यात अंधार पडल्यावर आडरस्त्याने गाडी घालू नये आणि ‘जरा खाली उतरून पाहू’ असे तर मुळीच म्हणू नये.

सोमनाथविषयी इतके लिहिले गेले आहे की मी दोनच गोष्टी सांगते. आजचे मंदिर सरदार पटेलांच्या संकल्पातून उभे राहिले आणि ११ मे १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथे प्रतिष्ठापना झाली. पण त्याच्या जवळच अहिल्याबाई होळकरांनी १७८३ मध्ये बांधलेले छोटे मंदिर आहे, जेथे मुख्य पिंडी तळघरात आहे. मोठ्या मंदिरात रांग होती, धक्काबुक्की होती. पाचशे पावलांवरच्या या मंदिरात आम्ही चौघे आणि एक पुजारी. मराठी माणसाने तेथे गेल्याशिवाय परतू नये. दुसरी गोष्ट म्हणजे बाणस्तंभ: येथून दक्षिण ध्रुवापर्यंत सरळ रेषेत जमीन नाही, असा लेख त्यावर आहे. मोबाइल, कॅमेरा आणि गाडीची इलेक्ट्रॉनिक किल्लीही आत नेऊ देत नाहीत, तेव्हा ठेवघराच्या रांगेसाठी वीस मिनिटे हाताशी ठेवावीत.

पाचवा दिवस: माधवपूर, पोरबंदर, द्वारका

वेरावळच्या बंदरावर लाकडी मच्छीमार नौका बांधताना पाहून, चोरवाडची नागवेलीची पाने अण्णांसाठी घेऊन, साडेदहाला माधवपूरला आलो. येथे महामार्ग आणि समुद्र यांच्यामध्ये वाळूखेरीज काही नाही. सगळ्या प्रवासातला सर्वांत देखणा तुकडा हाच, आणि त्याच्या मोहात पडून मी गाडी रस्त्यावरून चार हात खाली उतरवली. पुढची दोन्ही चाके वाळूत रुतली. घाबरून गती वाढवली तशी ती अधिकच खाली गेली. यजमान ‘थांब’ म्हणेपर्यंत गाडीचे पोट वाळूला टेकले होते.

शहाळीवाला आपली गाडी सोडून आला. मग त्याचा भाऊ आला, मग मोटारसायकलवरून जाणारे दोघे. शहाळीवाल्याने आधी मला बाहेर काढले, चारही चाकांतली हवा अर्ध्याच्या आसपास कमी केली, हातांनी वाळू उकरली आणि चाकांपुढे नारळाच्या झावळ्या व गोणपाट अंथरले. ‘बेन, धीमे, पहिल्या गियरमध्ये नाही, दुसऱ्यात,’ असे तो काचेतून सांगत राहिला आणि तिसऱ्या प्रयत्नाला गाडी वर आली. त्यांनी पैसे घेतले ते फक्त शहाळ्यांचे, तेही चौघांनी प्यालेल्या चारचे. पाचवे त्याने अण्णांना ‘मलाईवाळू आपू’ म्हणून स्वतःहून दिले. वाळूकडे गाडी न्यायचीच असेल तर हवा भरायचा छोटा पंप बरोबर असावा; आमच्याकडे होता, पण तो डिकीत बोंबलांखाली होता.

माधवपूरला श्रीकृष्ण-रुक्मिणीचा विवाह झाला असे मानतात आणि रामनवमीपासून तेथे मोठी जत्रा भरते. अलीकडे रुक्मिणीचे माहेर अरुणाचलात असल्याची कथा तेथे फार सांगतात. आम्ही मनातल्या मनात तिला विदर्भाची लेक, कौंडिण्यपूरची, म्हणून नमस्कार केला; दूर दिलेल्या लेकीकडे माहेरची माणसे येतात तसा.

पोरबंदरला कीर्तिमंदिर पाहिले. त्याची उंची ७९ फूट आहे, गांधीजींच्या आयुष्याच्या वर्षांइतकी. पण माझ्या लक्षात राहिली ती शेजारच्या मूळ घरातली, २ ऑक्टोबर १८६९ च्या जन्माची जागा दाखवणारी फरशीवरची स्वस्तिकाची खूण, आणि वर जाणारा इतका उभा लाकडी जिना की दोर धरूनच चढावे लागते. गावातल्या पाणथळीत रोहित पक्षी उभे होते, बाजूने रिक्षा जात होत्या, आणि कोणी मान वळवून पाहत नव्हते. खाजली हा पोरबंदरचा खुसखुशीत, थरांचा पदार्थ अवश्य घ्यावा. आमची द्वारकेपर्यंतही पुरली नाही. मियाणीची खाडी आणि पवनचक्क्यांची रांग ओलांडून सूर्यास्तानंतर द्वारकेत शिरलो.

सहावा दिवस: ओखामंडळ

भिंतीवरच्या नकाशातला तो ठिपका हाच. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी हा मुलूख गायकवाडांकडे आला, पण येथल्या वाघेरांनी तो सुखाने राखू दिला नाही; जोधा माणेक आणि मुळू माणेक यांनी १८५७ नंतर कित्येक वर्षे बडोदे आणि इंग्रज या दोघांनाही झुंजवले. द्वारकेत एका चहावाल्याने ‘कुठले?’ असे विचारले. ‘बडोद्याचे’ म्हटल्यावर तो हसून म्हणाला, ‘म्हणजे गायकवाडी! आमचे पूर्वज तुमच्याशी लढले आहेत.’ चहा त्याने उत्तम केला.

द्वारकाधीशाच्या शिखरावर बावन्न गजांची ध्वजा दिवसातून अनेकदा बदलतात. चढवणारा माणूस कुठल्याही आधाराशिवाय वर जातो, आणि नवी ध्वजा वाऱ्यात उलगडते तेव्हा खालचा सारा चौक एकदम ओरडतो. मंदिर दुपारी एक ते पाच बंद असते, हे लक्षात ठेवून आम्ही सकाळीच दर्शन घेतले आणि बेटाकडे निघालो. वाटेत नागेश्वर लागले. ‘नागेशं दारुकावने’ म्हणजे हे की आमच्या हिंगोलीकडचे औंढा नागनाथ, हा वाद यजमान आणि अण्णा यांच्यात गोपी तलावापर्यंत चालला. तेथे शेजारच्या वारकरी आजींनी सांगितलेल्या गोपीचंदनाच्या पिवळट वड्या घेतल्या.

ओखा ते बेट द्वारका हे अंतर अण्णांनी पूर्वी होडीने काटले होते: माणसांवर माणसे, आणि चढता-उतरताना धक्क्यावर हात देणारे खलाशी. २५ फेब्रुवारी २०२४ पासून तेथे सुदर्शन सेतू आहे, तारांनी पेललेला, २.३२ किलोमीटर लांबीचा. कडेच्या पादचारी मार्गावर गीतेतले श्लोक कोरलेले आणि वर सौर पट्ट्यांचे छप्पर. पाच मिनिटांत पलीकडे गेलो. अण्णा म्हणाले, ‘सोय झाली खरी, पण समुद्र काही लागला नाही.’ मग परतताना ते आणि लेक पुलावरून चालत आले आणि मी गाडी घेऊन पुढे थांबले. बेटावर मंदिरही दुपारी बंद होते. अकराच्या आत पोचलेले बरे.

ओख्याचे बंदर १९२६ मध्ये सयाजीराव महाराजांच्या राजवटीत सुरू झाले, आणि १९३९ मध्ये टाटांचा मिठापूरचा रासायनिक कारखानाही बडोदे संस्थानाच्याच भूमीवर आला. मिठागरांचे पांढरे ढीग रस्त्याने मैलभर सोबत करतात. संध्याकाळी शिवराजपूरच्या किनाऱ्यावर, जेथे पाणी खरोखरच निळे आहे, अण्णा गुडघाभर पाण्यात जाऊन उभे राहिले आणि आम्ही हाका मारेपर्यंत बाहेर आले नाहीत.

सातवा दिवस: परत

जामनगर, राजकोट, बगोदरा, तारापूर: पाचशे किलोमीटरांहून अधिक, एका दमात. एकट्या माणसाने चालवू नये. राजकोटपासून यजमानांनी चाक घेतले. एकूण अंतर तेराशे-चौदाशे किलोमीटर भरले. भावनगर ते द्वारका हा राष्ट्रीय महामार्ग ५१ बहुतेक ठिकाणी रुंद आणि चांगला आहे, पण गावांजवळच्या वळणरस्त्यांवर पाट्या कमी आणि भटकी गुरे पुष्कळ, म्हणून दिवसाला अडीचशे किलोमीटरांहून अधिक ठरवू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी दिनदर्शिकेच्या कोपऱ्यात, पाऊणकीच्या त्यांच्या जुन्या कोष्टकाखाली, लाल शाईने लिहिले: ‘भावनगर: अधिक चार तास.’ बोंबील रविवारी तळले. आमच्या इमारतीत बाकी सारी बिऱ्हाडे शुद्ध शाकाहारी असल्यामुळे स्वयंपाकघराच्या दाराला ओला टॉवेल लावला, पंखा चालू ठेवला आणि जहाजाच्या रुंद बुडाच्या बशांत ते वाढले. समोरच्या काकी संध्याकाळी प्रसाद घ्यायला आल्या, द्वारकेचा आणि सोमनाथचा, दोन्ही घेतला, प्रवासाची चौकशी केली आणि बोंबलांविषयी एक शब्दही काढला नाही. मात्र दुपारी दोनपासून त्यांची गॅलरीकडची खिडकी बंद होती, हे लेकीने पाहिले होते.